ई-मेलमधील मागोवा-दुवा : लहानशी सोय, मोठी जबाबदारी

झाशी : वस्तू पाठवणारा आणि तिची वाट पाहणारा यांच्यामध्ये पूर्वी केवळ विश्वास असे. आता त्या जागी एक ई-मेल असतो आणि त्या ई-मेलमध्ये निळ्या अक्षरांतील एक दुवा असतो. त्यावर टिचकी मारली की पार्सल कोठे पोहोचले हे दिसावे, अशी अपेक्षा असते. हा दुवा कोणी कर्मचारी प्रत्येक ग्राहकासाठी हाताने लिहीत नाही. विक्रेत्याची संगणकप्रणाली एका ठरावीक मसुद्यात ग्राहकाचे नाव आणि मागोवा क्रमांक, म्हणजेच ट्रॅकिंग नंबर भरते आणि पत्र आपोआप रवाना होते. हे काम वरवर किरकोळ वाटते. परंतु दुवा चुकला तर ग्राहकाला आपण फसलो असे वाटते, आणि अशाच दुव्याची नक्कल करून भामटे लोकांची बँक खाती रिकामी करतात. त्यामुळे हा दुवा कसा तयार होतो, तो कोठे बिघडतो आणि त्यावर कितपत भरवसा ठेवावा, हे पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही समजून घेणे आवश्यक झाले आहे.

झाशीचे स्थान

हा विषय समजून घेण्यास झाशी हे सोयीचे उदाहरण आहे. १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने खालसा करेपर्यंत नेवाळकर घराण्याच्या ताब्यात असलेले हे शहर मराठी वाचकांना इतिहासामुळे परिचित आहे. आजच्या मालवाहतुकीच्या नकाशावर मात्र त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी हा उत्तर-दक्षिण महामार्ग आणि पोरबंदर ते सिल्चर हा पूर्व-पश्चिम महामार्ग झाशी येथे एकमेकांना छेदतात. दिल्लीहून भोपाळमार्गे दक्षिणेकडे जाणारा मुख्य लोहमार्गही येथूनच जातो. रेल्वे मेल सेवेच्या 'एक्स' विभागाचे मुख्यालयही याच शहरात आहे.

उत्तर प्रदेश शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सुरू केलेल्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत झाशी जिल्ह्यासाठी कापडी मऊ खेळणी, म्हणजे सॉफ्ट टॉइज, या उत्पादनाची निवड झाली. याच जिल्ह्यातील राणीपूर हे यंत्रमागावरील टेरिकॉट कापडासाठी ओळखले जाते. खेळणे किंवा कापडाचा तागा ही वजनाने व किमतीने टपालाने धाडण्याजोगी वस्तू आहे. अशा वस्तू बनवणारा लहान उत्पादक आज नागपूर, पुणे किंवा कोल्हापूर येथील ग्राहकाला थेट माल पाठवू शकतो. त्याच्याकडे मोठ्या कंपनीसारखे ग्राहकसेवा केंद्र नसते. "माझे पार्सल कुठवर आले?" या प्रश्नाला उत्तर देण्याचे त्याचे एकमेव स्वस्त साधन म्हणजे आपोआप जाणारा ई-मेल आणि त्यातील दुवा.

क्रमांकातील शहाणपण

दुव्याचा प्राण म्हणजे मागोवा क्रमांक. भारतीय टपाल खात्याची स्पीड पोस्ट सेवा १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाली. तिच्या पाकिटावरील क्रमांक तेरा स्थानांचा असतो. आरंभी रोमन लिपीतील दोन अक्षरे, मग आठ अंक, त्यानंतर एक तपासणी अंक आणि शेवटी भारताची खूण असलेली 'आय' व 'एन' ही दोन अक्षरे अशी त्याची रचना आहे. जागतिक टपाल संघाच्या 'एस १०' या मानकानुसार ही रचना ठरलेली आहे. पहिले अक्षर सेवेचा प्रकार सांगते. शीघ्र टपालासाठी 'ई', नोंदणीकृत टपालासाठी 'आर' आणि पार्सलसाठी 'सी' या अक्षराने क्रमांक सुरू होतो.

यातील तपासणी अंक ही साधी पण उपयुक्त युक्ती आहे. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणायचे, गुणाकारांची बेरीज करायची, तिला ११ ने भागायचे आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. येणारे उत्तर हा तपासणी अंक. उत्तर १० आल्यास ० आणि ११ आल्यास ५ धरतात. समजा, आठ अंक १२३४५६७८ असे आहेत. गुणाकारांची बेरीज २०४ येते, ११ ने भागल्यावर बाकी ६ उरते आणि तपासणी अंक ५ ठरतो. आता कोणी घाईत ४ आणि ५ या अंकांची अदलाबदल केली, तर बेरीज २०३ होते आणि तपासणी अंक ६ यायला हवा असे गणित सांगते. पावतीवर मात्र ५ असतो. चूक तत्काळ उघडी पडते.

याचा अर्थ असा, की विक्रेत्याच्या प्रणालीत हे चार ओळींचे गणित बसवले तर चुकीचा टंकलेला क्रमांक ग्राहकाकडे जाण्याआधीच अडवता येतो. अनेक लहान विक्रेते ही तपासणी करीत नाहीत. मग ग्राहकाच्या हाती अस्तित्वातच नसलेला क्रमांक पडतो.

क्रमांकावर इतका भर देण्याचे कारण, नावे बदलतात आणि त्यांची वर्णरचनाही एकसारखी नसते. मराठीत 'झाशी', हिंदीत 'झाँसी', रोमन लिपीत आणखी निराळे रूप. डिसेंबर २०२१ मध्ये झाशी रेल्वे स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले. माणसाला हे सर्व एकच गाव असल्याचे कळते, यंत्राला ते सांगावे लागते. म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा अंकी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी होते. भिन्न भाषा, एकाच नावाची अनेक गावे आणि अपुरे पत्ते यांतून पत्र वाट चुकू नये, हा त्यामागील विचार होता. झाशीच्या २८४००१ या पिनकोडातील पहिला २ हा अंक उत्तर प्रदेश व उत्तराखंड यांचा विभाग दाखवतो. महाराष्ट्राचे पिनकोड ४ ने सुरू होतात. पिनकोडाने 'कोठे जायचे' या प्रश्नाचे उत्तर अंकांत दिले. मागोवा क्रमांक 'आता कोठे आहे' याचे उत्तर तशाच रीतीने देतो.

मसुदा कसा काम करतो

पार्सलचा माग संकेतस्थळावर पाहण्याची सोय जगात १९९४ च्या सुमारास आली. अमेरिकेतील फेडेक्स कंपनीने त्या वर्षी आपल्या संकेतस्थळावर ती उपलब्ध करून दिली. त्यापूर्वी ग्राहकाला दूरध्वनी करून विचारावे लागे. संकेतस्थळ आल्यावर ग्राहक स्वतः क्रमांक टंकून स्थिती पाहू लागला. पुढचे पाऊल म्हणजे क्रमांक टंकण्याचेही काम वाचवणे, आणि तेच काम ई-मेलमधील दुवा करतो.

याची रचना छापील अर्जासारखी आहे. अर्जात 'नाव', 'दिनांक' अशा मोकळ्या जागा असतात. आपोआप जाणाऱ्या पत्राच्या मसुद्यातही ग्राहकाचे नाव, मागणीचा क्रमांक आणि मागोवा क्रमांक यांसाठी राखीव खुणा असतात. बहुतेक प्रणालींत त्या महिरपी कंसांत लिहितात. पत्र पाठवण्याच्या क्षणी प्रणाली त्या खुणांच्या जागी खरी माहिती भरते.

दुव्याचे दोन भाग असतात. एक वाचकाला दिसणारा मजकूर, उदाहरणार्थ 'पार्सलचा मागोवा पाहा'. दुसरा न दिसणारा पत्ता, ज्या ठिकाणी टिचकी मारल्यावर वाचक जातो. या पत्त्यात वाहतूकदाराच्या मागोवा-पानाचा स्थिर भाग आधी येतो आणि त्याच्या शेवटी मागोवा क्रमांक जोडला जातो. वाहतूकदाराचे संकेतस्थळ तो क्रमांक पत्त्यातूनच वाचते आणि थेट स्थिती दाखवते. काही संकेतस्थळांवर अशी थेट सोय नसते, किंवा यंत्रांची घुसखोरी रोखण्यासाठी आधी चित्रातील अक्षरे ओळखून लिहावी लागतात. अशा वेळी दुवा केवळ त्या पानापर्यंत नेतो आणि क्रमांक ग्राहकालाच भरावा लागतो. म्हणूनच दुव्याबरोबर मागोवा क्रमांक साध्या अक्षरांत स्वतंत्रपणे देणे हा चांगल्या मसुद्याचा पहिला नियम आहे. दुवा चालला नाही तरी ग्राहकाच्या हाती क्रमांक राहतो.

कोठे बिघडते

प्रत्यक्षात दुवे अगदी साध्या कारणांनी निकामी होतात. पावतीवर वाचनाच्या सोयीसाठी क्रमांक मोकळ्या जागा सोडून छापलेला असतो. तो तसाच उतरवला की दुवा मध्येच तुटतो. खासगी कुरिअर कंपन्यांचे केवळ अंकांचे लांब क्रमांक तक्त्याच्या आज्ञावलीत, उदाहरणार्थ एक्सेलमध्ये, संख्या म्हणून भरले तर आरंभीची शून्ये नाहीशी होतात आणि पंधरा अंकांनंतरचे अंक शून्य होऊन जातात. अशा रकान्याचा प्रकार आधीच 'मजकूर' असा ठरवावा लागतो.

एकापेक्षा अधिक वाहतूकदारांकडून माल पाठवणाऱ्यांची अडचण वेगळी असते. पार्सल टपालाने गेले आणि दुवा कुरिअर कंपनीचा जोडला गेला, तर क्रमांक बरोबर असूनही 'नोंद आढळली नाही' असे उत्तर मिळते. त्यासाठी मसुद्यात वाहतूकदाराचे नाव हीसुद्धा एक राखीव खूण ठेवून त्यानुसार पत्ता निवडला जाईल अशी व्यवस्था करावी लागते. हे पत्ते प्रत्येक मसुद्यात स्वतंत्रपणे लिहून ठेवणेही धोक्याचे असते. टपाल खात्याने २०२५ मध्ये 'एपीटी' ही नवी संगणकप्रणाली देशभरातील टपाल कार्यालयांत लागू केली, तसेच नोंदणीकृत टपालाचे स्पीड पोस्टमध्ये विलीनीकरण केले. अशा बदलांच्या काळात मागोवा-पानाचा पत्ता वा त्याची रचना बदलू शकते. पत्ता एकाच ठिकाणी नोंदवलेला असेल तर एक दुरुस्ती पुरते. दहा मसुद्यांत विखुरलेला असेल तर एखादा मसुदा विसरला जातोच.

सर्वांत जास्त गैरसमज मात्र वेळेमुळे होतो. पुष्कळ प्रणालींत पाकिटावर चिकटवायची पट्टी छापली की त्याच क्षणी 'आपले पार्सल रवाना झाले' असा ई-मेल सुटतो. पार्सल मात्र दुकानातच असते. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी ते टपाल कार्यालयात पोहोचते आणि तेव्हा त्याची पहिली नोंद होते. मधल्या काळात ग्राहकाने दुवा उघडला तर त्याला काहीच दिसत नाही. पैसे आधीच भरलेल्या आणि विक्रेत्याला कधी न पाहिलेल्या माणसाच्या मनात पहिली शंका तेथेच उद्भवते. पहिली नोंद झाल्यानंतरच ई-मेल जाईल अशी व्यवस्था करणे हा उत्तम उपाय. ते शक्य नसेल तर 'माहिती दिसण्यास काही तास लागू शकतात' हे एक वाक्य मसुद्यात घालणे हा सोपा उपाय.

मराठी मसुद्याचे प्रश्न

झाशीतील विक्रेत्याने महाराष्ट्रातील ग्राहकांसाठी मराठीत मसुदा तयार करायचे ठरवले, तर काही प्रश्न खास मराठीचे म्हणून पुढे येतात. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून लिहितात. इंग्रजी मसुद्यात राखीव खूण सुटी राहते. मराठीत क्रमांकाला 'चा' किंवा 'ने' चिकटला की ग्राहकाने नक्कल करून घेतलेल्या क्रमांकात तो प्रत्ययही जातो आणि शोध निष्फळ ठरतो. साध्या मजकुराच्या पत्रात पत्त्याला लागून पूर्णविराम किंवा प्रत्यय आला, तर काही ई-मेल आज्ञावली तो पत्त्याचाच भाग समजतात. म्हणून क्रमांक आणि पत्ता स्वतंत्र ओळीवर, मागे-पुढे काहीही न जोडता लिहिणे हितावह असते.

दुसरा प्रश्न लिंगाचा. 'आपला (वस्तू) पाठवला आहे' असे ठरीव वाक्य केले आणि वस्तूच्या जागी कधी 'बाहुली', कधी 'खेळणे', कधी 'अस्वल' आले, की पत्र हास्यास्पद होते. ही चूक केवळ व्याकरणाची राहत नाही. अशुद्ध भाषा ही बनावट पत्राची एक ओळखीची खूण असल्याने खरे पत्रही संशयास्पद वाटू लागते. यावर साधा तोडगा असा, की वाक्यात क्रियापदाचा मेळ नेहमी 'पार्सल' याच शब्दाशी ठेवावा आणि वस्तूचे नाव खाली निराळ्या ओळीत द्यावे. 'आपले पार्सल पाठवले आहे' हे वाक्य कोणत्याही वस्तूला चालते.

तिसरा प्रश्न अंकांचा. पत्राचा मजकूर देवनागरी अंकांत असण्यास हरकत नाही. मात्र दुव्यातील आणि नक्कल करून घ्यायच्या क्रमांकातील अंक आंतरराष्ट्रीय स्वरूपातच हवेत. माणसाला दोन्ही अंक सारखेच वाटले तरी संगणकाच्या दृष्टीने ती वेगवेगळी चिन्हे आहेत. याशिवाय मसुदा युनिकोडमध्ये साठवलेला आणि तसा घोषित केलेला नसेल, तर ग्राहकाला देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

मागोवा म्हणजे पाळत नव्हे

दुवा नीट चालला तरी तो नेमके काय दाखवतो, याविषयी गैरसमज आहेत. मागोवा-पान पार्सलचा क्षणाक्षणाचा ठावठिकाणा सांगत नाही. पाकिटावरील रेघांच्या पट्टीचे म्हणजे बारकोडचे यंत्राने जेव्हा वाचन होते, तेवढ्याच क्षणांची नोंद तेथे असते. टपाल कार्यालयात स्वीकृती, थैलीत भरणे, थैली रवाना होणे, पुढील केंद्रात थैली मिळणे, वितरणासाठी पोस्टमनकडे सोपवणे आणि प्रत्यक्ष वितरण, अशा या ठरीव पायऱ्या आहेत.

दोन पायऱ्यांच्या मध्ये शांतता असते. झाशीत थैली बंद झाली की आतील पाकिटांचे वाचन ती उघडेपर्यंत होत नाही. वाटेतल्या केंद्रात ती न उघडताच पुढे गेली तर पाकिटाच्या नावावर नवी नोंद पडत नाही. थैलीला मात्र स्वतःचा क्रमांक असतो आणि खात्याच्या कामकाजात तिची नोंद राहते. म्हणून दिवसभर स्थिती बदलली नाही, तर पार्सल हरवले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. उलट, वितरण झाल्याची नोंद दिसत असूनही पार्सल हाती आलेले नसेल, तर मात्र विलंब न लावता चौकशी करावी. टपाल खात्याने १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे सुधारित दर लागू करताना ओटीपी, म्हणजे एकवेळचा परवलीचा अंक, सांगून वितरण घेण्याची सोयही आणली. योग्य माणसाच्याच हाती वस्तू पडावी, हा तिचा हेतू आहे.

चांगला विक्रेता ही माहिती मसुद्यातच दोन ओळींत देतो. तसे केल्याने ग्राहकाची चिंता आणि विक्रेत्याला येणारे दूरध्वनी, दोन्ही कमी होतात.

खोटे दुवे

या सोयीची काळी बाजूही तितकीच खरी आहे. पार्सलची वाट पाहणारा माणूस उत्सुक असतो आणि उत्सुक माणूस चटकन टिचकी मारतो. 'आपले पार्सल गोदामात आले आहे, अपुऱ्या पत्त्यामुळे दोनदा प्रयत्न करूनही देता आले नाही, ४८ तासांत पत्ता अद्ययावत करा, अन्यथा ते परत जाईल' अशा आशयाचे संदेश टपाल खात्याच्या नावाने पसरत असल्याचा इशारा पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाने २०२४ मध्ये दिला होता. त्यातील दुवा खात्याचा नव्हता. अशा बनावट पानांवर पत्त्याबरोबर किरकोळ शुल्काच्या नावाखाली कार्डाचा तपशील मागितला जातो, आणि खरी लूट तेथून सुरू होते.

मोबाइल संदेशांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२४ पासून एक बंधन घातले. व्यावसायिक संदेशातील दुवा पूर्वनोंदणी करून मान्य यादीत घातलेला नसेल तर तो संदेश दूरसंचार कंपन्यांनी रोखावा, असे त्याचे स्वरूप आहे. ई-मेलला अशी एकच सरकारी चाळणी नाही. तेथे पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची जबाबदारी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तांत्रिक व्यवस्थांवर आहे. पत्र ज्या संस्थेच्या नावाने आले ते तिच्याच परवानगीने निघाले आहे काय, हे पत्र स्वीकारणारी यंत्रणा त्यांच्या आधारे तपासते. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही व्यवस्था सक्तीच्या केल्या. लहान विक्रेत्यांची पत्रसंख्या त्याहून पुष्कळ कमी असली तरी ही व्यवस्था न केल्यास त्यांचे खरे पत्रही नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात जाऊन पडण्याची शक्यता वाढते.

यातून मसुदा करणाऱ्यांसाठी एक कर्तव्य निघते. आपला दुवा खोट्या दुव्यासारखा दिसता कामा नये. आखूड केलेले, मूळ पत्ता झाकणारे दुवे म्हणूनच टाळावेत. किती ग्राहकांनी टिचकी मारली हे मोजण्यासाठी काही ई-मेल सेवा प्रत्येक दुवा स्वतःच्या पत्त्यावरून फिरवून नेतात. त्यामुळे दिसणारा पत्ता आणि प्रत्यक्ष पत्ता वेगळे होतात. मागोव्याच्या दुव्यासाठी तरी ही मोजणी बंद ठेवणे योग्य. दुव्यात ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक किंवा घरचा पत्ता कधीही गुंफू नये, कारण पत्र पुढे पाठवले गेले की तो तपशीलही पुढे जातो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यामुळे ही केवळ शिष्टाचाराची बाब राहिलेली नाही. 'तातडीने', 'अन्यथा परत जाईल' अशी धाक घालणारी भाषा खऱ्या विक्रेत्याने वापरली, तर तो अजाणता ग्राहकांना भामट्यांच्या भाषेची सवय लावतो.

ग्राहकाने काय करावे

ग्राहकासाठी नियम मोजके आहेत. आपण काही मागवले आहे काय, हे आधी आठवावे. पत्रातील मागणीचा क्रमांक आपल्या पावतीशी जुळवावा. संगणकावर दुव्यावर माउसचा बाण नेला असता, आणि मोबाइलवर दुवा काही क्षण दाबून धरला असता, खरा पत्ता दिसतो. शंका आल्यास दुव्याला हात न लावता केवळ क्रमांक टिपून घ्यावा आणि वाहतूकदाराच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन तो तपासावा. केवळ स्थिती पाहण्यासाठी कार्डाचा तपशील किंवा परवलीचा अंक कधीच लागत नाही. तो मागितला गेला, की पान बनावट आहे असे समजावे.

ई-वाणिज्याविषयीचे ग्राहक संरक्षण नियम जुलै २०२० मध्ये अधिसूचित झाले. वस्तू पोहोचवणे, परत घेणे आणि परतावा यांविषयीची माहिती ग्राहकाला देणे त्यांनुसार बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्याच्या आत व्हावे, असेही त्यांत म्हटले आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बनावट दुव्यामुळे पैसे गेल्यास १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर लगेच कळवावे. जितक्या लवकर माहिती दिली जाईल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

मोठ्या कंपन्यांना या सर्व कामासाठी स्वतंत्र विभाग ठेवता येतात. झाशीतील खेळणी बनवणाऱ्यास किंवा सोलापुरात चादरी विकणाऱ्यास ते परवडणारे नाही. त्यांच्यासाठी मात्र दिलासा असा, की चांगला मसुदा एकदाच करावा लागतो. तपासलेला क्रमांक, योग्य वाहतूकदाराचा उघड पत्ता, योग्य वेळ आणि निर्दोष मराठी एवढे साधले, तर पुढची हजारो पत्रे कोणतीही देखरेख न करता तेच काम करीत राहतात. मसुद्यात चूक राहिली, तर तीही तितक्याच निष्ठेने हजारो घरी पोहोचते. म्हणून नवा मसुदा ग्राहकांना पाठवण्यापूर्वी विक्रेत्याने तो स्वतःच्याच पत्त्यावर मागवावा, संगणकावर आणि मोबाइलवर उघडावा आणि त्यातील दुव्यावर स्वतः एकदा टिचकी मारून पाहावी.